मिसेस गेज कुठे बघतायत?

नोव्हेंबर १७७१. न्यूयॉर्कमध्ये कामासाठी आलेला तेहतीस वर्षांचा एक चित्रकार बॉस्टनमधल्या आपल्या धाकट्या भावाला पत्र लिहितो. दोघांमधली या काळातली पत्रं वाचली तर त्यात बरंचसं अगदी घरगुती आहे: बॉस्टनला चाललेलं घराचं बांधकाम, कोणाचं चित्र कुठवर आलं, किती काम अजून बाकी आहे. पण या पत्रात तो एका बाईच्या चित्राबद्दल सांगतो. आपण आजवर काढलेल्या बायकांच्या चित्रांत याच्या जवळपास येणारं दुसरं नाही, असं त्याचं म्हणणं. आणि पुढे तो मॅथ्यू प्रॅट नावाच्या दुसऱ्या एका चित्रकाराचं मत कळवतो. प्रॅटच्या मते हे चित्र पुढची दोनशे वर्षं हाडामांसाचं वाटत राहील.

दोनशे वर्षांची वॉरंटी. ती १९७१ला संपली. मी ते चित्र पाहिलं तेव्हा वॉरंटी उलटून पन्नासहून जास्त वर्षं झाली होती आणि गालावरचा रंग अजून जिवंत होता.

चित्रकाराचं नाव जॉन सिंगल्टन कॉप्ली. चित्रातली बाई मार्गारेट केंबल गेज. तिचा नवरा जनरल थॉमस गेज, उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या ब्रिटिश फौजांचा सरसेनापती. अमेरिका नावाचा देश तेव्हा नव्हता. ब्रिटिशांच्या तेरा वसाहती होत्या आणि न्यूयॉर्कला गेजचं मुख्यालय होतं. म्हणजे शहरातल्या सगळ्यात वजनदार माणसाची ही बायको. अशा बाईचं चित्र कसं असेल असं तुम्हाला वाटतं? ताठ बसलेली, कॉर्सेटमध्ये आवळलेली, मागे मखमली पडदा, हातात एखादं फूल.

तसं काहीच नाही. ती सोफ्यावर रेललेली आहे. एक कोपर सोफ्याच्या पाठीवर, त्या हातावर डोकं टेकवलेलं. अंगात पोवळ्याच्या लाल रंगाचा सैल रेशमी काफ्तान, आत लेसची किनार असलेलं पांढरं वस्त्र, कमरेला भरतकाम केलेला पट्टा, केसांभोवती फेट्यासारखं गुंडाळलेलं कापड. कॉर्सेट नाही हे सहज कळतं, कारण शरीर जसं पसरायला हवं तसं पसरलंय. मागे अंधार. आणि ती तुमच्याकडे बघत नाही. चित्राच्या बाहेर कुठेतरी, तुमच्या खांद्यावरून पलीकडे, बघते आहे.

हे चित्र सॅन दिएगोच्या टिमकेन संग्रहालयात आहे. मी तिथे ऑनसाइटवर होते. वीकेंडला काय करायचं हा प्रश्न असायचा, कारण गाडी नव्हती आणि डॉलरला रुपयांनी गुणायची सवय सुटली नव्हती. बॅल्बोआ पार्कमध्ये बरीच संग्रहालयं आहेत आणि त्यातल्या टिमकेनला तिकीट नाही. मी तिथे गेले त्याचं हे एकमेव कारण, कलेशी त्याचा काही संबंध नाही. मी कॉम्प्युटर इंजिनीअर आहे. चित्रकलेशी माझा शेवटचा संबंध एलिमेंटरी परीक्षेत आला, त्यात सी ग्रेड मिळाली. त्या दिवशी मी मिसेस गेजसमोर वीसेक मिनिटं उभी राहिले, आणि मग दर रविवारी जाऊ लागले. घरी येऊन वाचत सुटले. पुढे जे आहे ते त्या वाचनातून आलेलं.

आधी कॉप्लीबद्दल सांगते, कारण हा माणूस मला फार ओळखीचा वाटतो. जन्म बॉस्टनचा, १७३८चा. वडील लवकर गेले. आई बॉस्टनच्या लाँग वार्फवर, म्हणजे थेट धक्क्यावर, तंबाखूचं दुकान चालवायची. तिने दुसरं लग्न केलं पीटर पेल्हम नावाच्या छापचित्रकाराशी. या सावत्र वडिलांकडे लंडनहून आलेली छापचित्रं आणि कोरण्याची अवजारं होती. तीन वर्षांत तेही वारले. तेरा वर्षांच्या मुलाकडे उरली ती चित्रं, अवजारं आणि एक लहान भाऊ. वसाहतीत चित्रकलेची शाळा नव्हती. बघून शिकावं असं मोठ्या चित्रकाराचं मूळ चित्र जवळपास नव्हतं. जे काही होतं ते छापलेलं, काळं-पांढरं. म्हणजे रंग कसे लावायचे हे तो रंग नसलेल्या चित्रांवरून शिकला.

आपल्यातले किती जण असेच शिकलोत! कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी मशीन्स, शिकवायला कोणी नाही, कोणाचं तरी ट्यूटोरियल अर्धवट डाउनलोड केलेलं. आणि त्यातून जे येतं त्यात एक विचित्र ताकद असते, एक विचित्र अडाणीपणाही असतो. कॉप्लीच्या चित्रांत दोन्ही आहे. टेबलाचं पॉलिश, साटनवरची चमक, पीचच्या सालीवरची लव हे तो असं रंगवतो की हात लावावासा वाटतो. पण माणूस कधीकधी खुर्चीत बसल्यासारखा दिसत नाही, खुर्चीसमोर चिकटवल्यासारखा दिसतो.

आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाइकाला लंडनसारखं दिसायचं होतं. १७६३च्या सुमाराचं त्याचं एक चित्र आहे, मिसेस बॉवर्स या बाईंचं, न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात. त्यातली बसायची ढब, कपडे आणि मांडीवरचं कुत्रंसुद्धा लंडनच्या रेनल्ड्सने काढलेल्या लेडी कॅरोलाइन रसेल यांच्या चित्राच्या छापील प्रतीवरून जसंच्या तसं उचललेलं आहे. फक्त चेहरा मिसेस बॉवर्स यांचा. म्हणजे टेम्प्लेट तयार, त्यात तुमचा फोटो टाका.

हे वाचून मला आईचा फोटो आठवला. लग्नाआधी ‘दाखवायला’ काढलेला, इचलकरंजीच्या एका स्टुडिओतला. मागे रंगवलेला जिना आणि खांब, शेजारी प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, एक हात कमरेएवढ्या स्टुलावर. अंगावरची पैठणी शेजारच्या काकूंची. त्या काळात त्याच स्टुडिओत गल्लीतल्या सगळ्या मुलींचे फोटो निघाले. तोच जिना, तीच कुंडी, आणि आई सांगते त्याप्रमाणे दोघींच्या अंगावर तीच पैठणी. काकू उदार होत्या. फोटो बघून मुलगी पसंत करणाऱ्यांना त्या फोटोतलं आईचं असं नक्की काय दिसत होतं, हा प्रश्न मी तिला एकदा विचारला. ती म्हणाली, ‘नाक.’

मार्गारेटचं चित्र टेम्प्लेटमधलं नाही, असं मला आधी वाटलं होतं. तेही पूर्ण खरं नाही. तुर्की पोशाख ही त्या काळातली फॅशनच होती. इंग्लंडच्या राजदूताची बायको लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू १७१७-१८मध्ये तुर्कस्तानात राहिली होती. तिथल्या बायकांबद्दल, त्यांच्या कपड्यांबद्दल आणि मोकळेपणाबद्दल तिने लिहिलेली पत्रं १७६३मध्ये पुस्तकरूपाने आली. इंग्लंडमध्ये बड्या घरच्या बायका मुखवट्यांच्या नाचाला तुर्की बनून जायच्या, तशाच वेशात चित्रंही काढून घ्यायच्या. तर काफ्तान म्हणजे हौस होती. पण मार्गारेटच्या बाबतीत एक गंमत आहे. तिचे वडील पीटर केंबल यांचा जन्म स्मर्नाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचा, आणि त्यांची आई ग्रीक होती. आईकडून मार्गारेट न्यूयॉर्कच्या जुन्या डच-फ्रेंच घराण्यातली. जन्म न्यू जर्सीचा. नवरा इंग्लिश. इतरांसाठी जो वेश होता तो तिच्यासाठी आजीच्या गावचा कपडा होता. तिने तो मुद्दाम निवडला की कॉप्लीने सुचवला? ते चित्रात लिहिलेलं नाही. पण ती त्या कपड्यात अवघडलेली नाही, एवढं दिसतं.

आणि कॉप्ली इथे बदललेला दिसतो. त्याच वर्षी, न्यूयॉर्कला येण्याच्या थोडं आधी, त्याने बॉस्टनच्या मिसेस गोल्डथ्वेट यांचं चित्र केलं होतं. चौदा मुलांची आई, भरलेली, प्रसन्न बाई, टेबलावर फळांची थाळी, पॉलिश केलेल्या लाकडात फळांचं प्रतिबिंब. ते चित्रही मला फार आवडतं. त्या बाईंच्या घरी जेवायला जावंसं वाटतं. पण तिथे प्रत्येक वस्तू सांगते की ही कोण आहे. मार्गारेटच्या चित्रात कॉप्लीने सगळ्या वस्तू काढून टाकल्या. थाळी नाही, कुत्रं नाही, नवऱ्याच्या हुद्द्याची एकही खूण नाही. सोफा, कापड, अंधार आणि एक चेहरा. त्याने न्यूयॉर्कमध्ये साधारण सात महिन्यांत सदतीस चित्रं केली. त्या सगळ्या घाईत हे एक असं निघालं.

आता मुख्य गोष्ट. १९ एप्रिल १७७५ची. शाळेत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा धडा होता, त्यात बॉस्टन टी पार्टी एवढंच मला आठवत होतं. तर १७७४मध्ये गेजला मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर करून बॉस्टनला पाठवलं गेलं. मार्गारेटही तिथे गेली. बॉस्टन तेव्हा पेटलेलं होतं. बंडखोरांनी काँकर्ड गावात दारूगोळा आणि तोफा साठवल्या होत्या. गेजने ठरवलं की १८ एप्रिलच्या रात्री गुपचूप सैन्य पाठवून तो साठा नष्ट करायचा. बेत फार थोड्यांना माहीत होता. तरीही त्याच रात्री बॉस्टनमध्ये बंडखोरांचा पुढारी डॉक्टर जोसेफ वॉरन याच्याकडे बातमी पोचली. त्याने दोन स्वार पाठवले. विल्यम डॉस जमिनीच्या वाटेने गेला. पॉल रिव्हिअर होडीतून चार्ल्स नदी ओलांडून गेला, ब्रिटिश आरमाराच्या सॉमरसेट या प्रचंड जहाजाच्या नाकासमोरून. सकाळी लेक्सिंग्टनला सैन्य पोचलं तेव्हा गावकरी बंदुका घेऊन उभे होते. युद्ध सुरू झालं.

वॉरनला कोणी सांगितलं?

या प्रश्नाच्या उत्तरात गेली दोनशे वर्षं एक नाव कुजबुजलं जातं: मार्गारेट गेज. सेनापतीची बायको, पण जन्माने अमेरिकन. १९९४मध्ये डेव्हिड हॅकेट फिशर या इतिहासकाराने पॉल रिव्हिअरच्या त्या रात्रीवरच्या आपल्या पुस्तकात ही शक्यता जोरात मांडली आणि कुजबुजीला वजन आलं. आता इंटरनेटवर तिचं नाव टाका, ‘क्रांतीची गुप्तहेर’ असे मथळे दिसतील. आणि प्रत्येक मथळ्याबरोबर हेच चित्र. बघा तिच्या डोळ्यांत, बघा किती दुःख, दोन देशांत फाटलेली बाई.

इथे मी थांबते, कारण मला राग येतो.

चित्र १७७१चं आहे. तोवर बॉस्टनच्या बंदरात चहा पडायचा होता. गेज गव्हर्नर व्हायचे होते. काँकर्डमध्ये तोफा नव्हत्या. त्या सोफ्यावर बसलेल्या बाईला साडेतीन वर्षांनंतरची रात्र कशी ठाऊक असेल? आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून आपण तिच्या चेहऱ्यात तो वाचतो. शिवाय हातावर डोकं टेकवून दूर बघणं ही उदासीची जुनी ठरलेली पोज आहे, युरोपातल्या चित्रांत शेकडो ठिकाणी सापडते. कॉप्लीसारख्या छापचित्रांवर वाढलेल्या माणसाला ती पाठ असणार.

रागाचं दुसरं कारण माझं खासगी आहे. सध्या माझ्याही फोटोंवर चर्चा चालते. बायोडेटाबरोबर गेलेल्या एका फोटोबद्दल एका घरातून निरोप आला की मुलगी चांगली आहे पण फोटोत जरा तोऱ्यात दिसते, पुढे ऐकणार नाही असं वाटतं. फोटो ऑफिसच्या ट्रिपचा होता, डोळ्यांवर ऊन आलं होतं. आईने तो निरोप मला हसत हसत सांगितला, मीही हसले. पण रात्री तो फोटो झूम करून बघितला, आणि खरं सांगते, पाच मिनिटांनी मलाही त्यात तोरा दिसायला लागला.

तर मार्गारेटविरुद्धचा पुरावा चेहरा सोडून बघू. चार्ल्स स्टेडमन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १७९४च्या इतिहासात एक प्रसंग आहे. त्या रात्री लॉर्ड पर्सी हा सरदार बॉस्टनच्या मैदानावरून जात असताना लोक बोलताना ऐकतो की सैन्य निघालंय पण त्यांचा नेम चुकणार. कसला नेम, असं तो विचारतो. काँकर्डच्या तोफा, असं उत्तर मिळतं. तो धावत गेजकडे जातो. गेज हादरतो आणि म्हणतो की पर्सीशिवाय आपण हे फक्त एकाच व्यक्तीला सांगितलं होतं. ती एक व्यक्ती बायकोच असणार, असं अनेकांनी धरलं. प्रसंगात तसं नाव नाही. दुसरा मुद्दा, त्याच वर्षी उन्हाळ्यात गेजने मार्गारेटला इंग्लंडला पाठवून दिलं. म्हणजे त्याचा तिच्यावरचा विश्वास उडाला.

झालं. इतकंच आहे. वॉरनला विचारायची सोय नाही, तो १७ जून १७७५ला बंकर हिलच्या लढाईत मारला गेला. त्याने आपला खबऱ्या कोणालाच सांगितला नाही.

आमच्या कामात सर्व्हर पडला की कारण शोधायची एक पद्धत असते. गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची कमांडच आहे; कुठली ओळ शेवटची कोणी बदलली ते ती सांगते. का बदलली, ते सांगत नाही. आणि सगळ्यात पहिली गोष्ट विचारायची असते ती ही: ही बातमी बाहेर जायला आणखी किती वाटा उघड्या होत्या?

भरपूर. पॉल रिव्हिअरने स्वतः नंतर लिहून ठेवलंय की त्याआधीच्या शनिवारी मध्यरात्री जहाजांच्या होड्या पाण्यात उतरवून लढाऊ जहाजांच्या मागे लावून ठेवल्या गेल्या, आणि निवडक तुकड्यांना रोजच्या कामातून मोकळं केलं गेलं. तीसेक कारागिरांची एक टोळी दोघादोघांनी रात्रभर गस्त घालून सैनिकांवर नजर ठेवत होती. बॉस्टन लहान होतं, सैनिक लोकांच्या घरांना लागून राहत होते. होड्या तयार, तुकड्या मोकळ्या, आणि काँकर्डला साठा आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक. हे जोडायला सेनापतीच्या शयनगृहातून बातमी यावी लागते का? अनेक अभ्यासकांना मार्गारेटची गोष्ट पटत नाही, आणि मलाही नाही.

परत पाठवण्याचंही तसंच. बंकर हिलनंतर बॉस्टनला वेढा पडलेला, शहरात अन्नाची टंचाई, आजार, रस्त्यांत जखमी. त्या जागेतून बायकोला हलवण्यात शिक्षा दिसायला हवीच असं नाही. दोन-तीन महिन्यांत गेजलाही परत बोलावलं गेलं. त्यानंतर दोघं इंग्लंडमध्ये एकत्र राहिले, त्यांना आणखी मुलंही झाली. एकूण अकरा. नवऱ्याने देशद्रोहाबद्दल हाकललेल्या बायकोची ही गोष्ट वाटत नाही.

मात्र एक वेगळी गोष्ट मला सोडवत नाही, आणि ती गुप्तहेरगिरीपेक्षा मला मोठी वाटते. कॉप्लीने कोणाकोणाची चित्रं काढली ते बघा. पॉल रिव्हिअर: १७६८, साध्या सदऱ्यात, हातात चहाची चांदीची किटली, कारण तो चांदीचा कारागीर होता. जोसेफ वॉरन: १७६५च्या आसपास. बंडखोरांचे पुढारी जॉन हॅनकॉक आणि सॅम्युअल ॲडम्स, म्हणजे ज्यांना सावध करायला रिव्हिअर त्या रात्री निघाला ते दोघं. आणि दुसऱ्या बाजूला जनरल गेज, मार्गारेट. त्या रात्रीच्या नाटकातली जवळजवळ सगळी पात्रं आधी एकाच माणसासमोर बसून गेली होती. नुसती बसली नाहीत, तासन्‌तास बसली. कॉप्ली कमालीचा सावकाश काम करायचा. असं सांगतात की चेहऱ्याच्या प्रत्येक भागाचा रंग तो आधी पॅलेट नाइफवर मिसळून गिऱ्हाइकाच्या गालाशी धरून जुळवायचा, मगच कॅनव्हासवर लावायचा. वॉरनच्या गालाचा रंगही त्याने जुळवला, मार्गारेटच्याही.

आणि तो स्वतः कुठे होता? त्याचे सासरे रिचर्ड क्लार्क हे ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाचे बॉस्टनमधले एजंट. तीच आपल्या ओळखीची कंपनी. १७७०च्या बंगालच्या दुष्काळानंतर ती अडचणीत आली, तिला वाचवण्यासाठी लंडनने चहाचा कायदा केला, आणि तो चहा बॉस्टनच्या धक्क्याला लागला. कॉप्ली दोन्ही बाजूंचा मित्र. त्याने सासऱ्यांच्या आणि आंदोलकांच्या मध्ये निरोप नेऊन समेट घडवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. १६ डिसेंबर १७७३ला चहा समुद्रात गेला. जून १७७४मध्ये कॉप्ली युरोपला निघाला, पुढच्या वर्षी बायकामुलं लंडनला पोचली. ते कुटुंब तिकडचंच झालं. तो परत कधी अमेरिकेत आला नाही. १८१५मध्ये लंडनला वारला.

म्हणजे ‘दोन देशांत फाटलेलं’ कोण, हे चित्रात शोधायचं तर चित्राच्या समोर उभ्या असलेल्या माणसात शोधायला हवं. त्याची पत्रं भरलीत अशा तक्रारींनी: इथे चित्रकलेला सुतारकाम, शिंपीकाम, चांभारकामाइतकंच लेखतात; खरं काम तिकडे लंडनला आहे. १७६६पासून लंडनचे चित्रकार त्याला सांगत होते, इकडे ये. त्याने आठ वर्षं लावली. इथे चांगलं उत्पन्न होतं, घर होतं, आई होती. आमच्या ऑफिसमधल्या दर दुसऱ्या मुलाची व्हिसाची चर्चा मी ऐकली आहे. हे मला समजावून सांगावं लागत नाही. मार्गारेटचं चित्र १७७२मध्ये लंडनच्या प्रदर्शनात लागलं. ते काढताना तो लंडनकडेच बघत असणार.

चित्राचा फोटो मी आईला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, खाली सगळी गोष्ट व्हॉइस नोटमध्ये सांगून. गुप्तहेर, युद्ध, डॉक्टर, बोट, सगळं. तिने ऐकलं. मग फोन आला.

‘मुलं किती म्हणालीस?’

‘अकरा. पण तेव्हा सगळी झालेली नसणार.’

‘लग्नाला किती वर्षं झाली होती?’

‘तेरा होत आलेली.’

‘अगं मग ती दमलीये. कोणीतरी तिला बसायला सांगितलंय, घरात कोणी हाक मारत नाहीये, ती बसलीये. एवढं काय त्यात?’

माझ्याकडे वाचलेले संदर्भ होते, आईकडे नव्हते. पण मला हे स्पष्टीकरण फिशरच्या स्पष्टीकरणापेक्षा वाईट वाटत नाही. पुढच्या रविवारी गेले तेव्हा मी तिच्या खांद्यांकडे बघत होते. खांदे खरोखरच सोडून दिलेले आहेत.

ऑगस्ट १७७५मध्ये ‘चार्मिंग नॅन्सी’ नावाच्या जहाजाने मार्गारेट इंग्लंडला गेली. त्याच जहाजात बंकर हिलचे जखमी सैनिक होते, सैनिकांच्या विधवा आणि पोरकी मुलं होती. तिच्याबद्दल जे काही कादंबरीमय लिहिलं जातं त्यात या प्रवासाला एक ओळ मिळते. मला त्या प्रवासाचं चित्र बघायला आवडलं असतं, पण तिथे कोणी कॉप्ली नव्हता.

गेज १७८७मध्ये वारले. ती त्यानंतर जवळजवळ सदतीस वर्षं जगली, १८२४पर्यंत. तिचा एक मुलगा विल्यम हॉल गेज, १७७७चा जन्म, आरमारात गेला आणि शेवटी ॲडमिरल ऑफ द फ्लीट झाला. आईच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १८२५मध्ये, त्याला ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आपल्याकडच्या समुद्रातल्या, ब्रिटिश आरमाराचा प्रमुख नेमलं. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलजवळच्या समुद्राच्या एका पट्ट्याला अजून त्याचं नाव आहे, गेज रोड्स.

चित्र गेज घराण्याकडेच पिढ्यानपिढ्या इंग्लंडमध्ये राहिलं. १९८४मध्ये ते टिमकेनकडे आलं. जनरल गेज यांचं कॉप्लीने काढलेलं चित्र न्यू हेवनला येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. म्हणजे नवराबायको आता खंडाच्या दोन टोकांना टांगलेले आहेत, मध्ये विमानाचे पाच-सहा तास. डॉक्टर वॉरन आणि पॉल रिव्हिअर मात्र दोघंही बॉस्टनला, एकाच संग्रहालयात आहेत. रिव्हिअर किटली हातात धरून थेट तुमच्याकडे बघतो, काहीतरी विचारणार असल्यासारखा. तिकडे जायला अजून जमलेलं नाही.